विश्लेषण : भिवंडीत बर्फ पडत नाही, तरी हिवाळ्यात जेसीबी-पोकलेन का बिघडतात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने बांधकाम क्षेत्रासाठी सर्वाधिक धावपळीचे. पाऊस थांबलेला, जमीन वाळलेली, उन्हाचा तडाखा अजून दूर. भिवंडी परिसरात याच काळात मेट्रो, महामार्ग आणि गोदामांच्या कामांवर अवजड यंत्रे दिवसरात्र राबतात आणि नेमकी याच काळात ती बंदही पडतात. यंत्रांच्या पुस्तिकांत ‘हिवाळी देखभाल’ म्हणून जे लिहिलेले असते ते बहुतांशी बर्फाळ प्रदेशांसाठी असते. भिवंडीत रात्रीचा पारा साधारण १५ ते २० अंशांदरम्यान, क्वचित त्याखाली जातो. मग इथल्या यंत्रांचा हिवाळा वेगळा कसा? नव्या प्रदूषण नियमांमुळे आणि सेन्सरमुळे देखभालीत काय बदलले आहे? छोट्या यंत्रमालकाने काय करायला हवे?

भिवंडीत इतकी यंत्रे कशासाठी?

यंत्रमागांचे शहर ही भिवंडीची जुनी ओळख. गेल्या दोन-अडीच दशकांत तिला गोदामांचे शहर ही दुसरी ओळख मिळाली. मुंबई-नाशिक महामार्गालगत आणि काल्हेर, दापोडे, माणकोली, पूर्णा, पडघा या पट्ट्यात गोदामे उभी राहिली आणि अजूनही राहत आहेत. त्यात वाहतुकीच्या मोठ्या प्रकल्पांची भर पडली. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक भिवंडी तालुक्यातील आमणे येथे आहे. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो ५ मार्गिकेचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले. तिचा पहिला टप्पा कापूरबावडी ते धामणकर नाका असा आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्गही याच तालुक्यातून जातो.

या साऱ्यासाठी माती उकरणारी, उचलणारी, दाबणारी आणि वाहून नेणारी यंत्रे लागतात. लोकांच्या तोंडी त्यांची नावे कंपन्यांवरूनच रुळली आहेत. पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले यंत्र म्हणजे ‘जेसीबी’, साखळीपट्ट्यावर चालणारे खोदयंत्र म्हणजे ‘पोकलेन’, माल उचलून चालणारी क्रेन म्हणजे ‘हायड्रा’ आणि माती टाकणारा डंपर म्हणजे ‘हायवा’. जेसीबी ही ब्रिटिश, पोकलेन ही मूळची फ्रेंच आणि हायवा ही डच कंपनी. हायड्रा हेही एका क्रेनचे व्यापारी नाव. यंत्र कुठल्याही कंपनीचे असो, साइटवर त्याला याच नावाने हाक मारली जाते.

मोठ्या कंत्राटदारांकडे स्वतःची कार्यशाळा आणि अभियंते असतात. पण एक-दोन यंत्रे कर्ज काढून घेणारे आणि ती तासाच्या भाड्याने लावणारे छोटे मालक या परिसरात मोठ्या संख्येने आहेत. यंत्र एक दिवस उभे राहिले तरी हप्ता थांबत नाही, ऑपरेटरचा पगारही थांबत नाही. देखभालीतील चुकीची किंमत सर्वाधिक मोजावी लागते ती यांनाच.

हिवाळाच ‘सीझन’ का?

कोकणपट्टीत जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मातीकाम जवळपास थंडावते. खंडेनवमीला यंत्रे धुऊन, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा होते आणि दसऱ्यापासून कामे वेग घेतात. हे वेळापत्रक देखभालीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण चार महिने पावसात किंवा चिखलात उभे राहिलेले यंत्र थेट दहा-दहा तासांच्या कामाला जुंपले जाते.

पावसाने केलेले नुकसान तेव्हा दिसत नाही, ते डिसेंबरात दिसते. पिन आणि बुश यांच्या फटीत शिरलेल्या चिखलाने ग्रीस धुऊन गेलेले असते. वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढलेला असतो. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचलेले असते. उभ्या यंत्रात उंदरांनी वायरी कुरतडण्याचे प्रकारही नवे नाहीत. पूजेआधी यंत्र धुतले जाते, पण ग्रीस, फिल्टर आणि वायरिंग तपासले जातेच असे नाही.

दुसरा मुद्दा तासांचा. अवजड यंत्रांची सर्व्हिस किलोमीटरवर नव्हे, तर ‘आवर मीटर’वर ठरते. बहुतेक यंत्रांसाठी २५०, ५००, १००० आणि २००० तास असे टप्पे असतात. पावसाळ्यात एखादे यंत्र महिन्याला जेमतेम ५०-६० तास चालत असेल, तर २५० तास भरायला चार महिने लागतात. तेच यंत्र हिवाळ्यात रोज दहा तास, महिन्यात २५ दिवस चालले तर २५० तास एका महिन्यात भरतात. ‘आत्ताच तर ऑइल बदललं’ असे मालकाला वाटत असते आणि मीटर मात्र पुढच्या सर्व्हिसच्या पलीकडे गेलेला असतो.

थंडीचा परिणाम खरोखर किती?

अगदी शून्य नाही, पण समजतो तिथे नाही. डिझेल गोठण्याची भीती इथे गैरलागू आहे. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. तापमान फार उतरले की त्यांचे कण बनून फिल्टर तुंबतो. म्हणूनच भारतीय मानकात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांसाठी डिझेलचे निकष वेगळे आहेत. या काळातील डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून सुरळीत जायला हवे, उन्हाळ्यात हीच मर्यादा १८ अंश आहे. भिवंडीचा पारा ६ अंशांच्या बराच वर राहतो. लडाखसारख्या भागाची गोष्ट वेगळी. तिथल्या कडाक्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले.

इंजिन ऑइलबाबतही तेच. डब्यावर ‘१५ डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते. त्यातील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. १५ डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २० अंशांना इंजिन फिरवता येते का, यावर होते. त्यामुळे ‘थंडी पडली, पातळ ऑइल टाका’ हा सल्ला भिवंडीत निरर्थक ठरतो. पुस्तिकेत दिलेलेच ऑइल वापरावे.

हायड्रॉलिक ऑइलचे मात्र थोडे वेगळे आहे. यंत्राचा हात, बकेट, स्टिअरिंग हे सगळे या तेलाच्या दाबावर चालते. डब्यावरील ४६ किंवा ६८ हा आकडा ४० अंशांना तेल किती दाट आहे ते सांगतो. पहाटे तेल १५ अंशांवर असते तेव्हा त्याचा दाटपणा ४० अंशांच्या तुलनेत तिपटीहून अधिक असतो. अशा वेळी ऑपरेटरने यंत्र सुरू होताच बकेट पूर्ण ताकदीने जमिनीत घातली, तर पंपाला पुरेसे तेल मिळत नाही. तेलात पोकळ बुडबुडे तयार होऊन ते पंपाच्या धातूवर आदळतात आणि धातू टोकरला जातो. जुने, कडक झालेले होज पाइप फुटण्याचा धोकाही याच वेळी जास्त असतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. इंजिन सुरू केल्यावर पाच ते दहा मिनिटे कमी वेगावर ठेवायचे आणि हात, बकेट, स्टिअरिंग रिकामेच दोन-चार वेळा सावकाश पुढे-मागे करायचे. टर्बोपर्यंत ऑइल पोहोचायलाही तेवढा वेळ मिळतो.

बॅटरी आणि टायर हे थंडीचे आणखी दोन बळी. गारव्यात बॅटरीची ताकद घटते आणि दाट ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. उन्हाळ्यात कशीबशी चालणारी जुनी बॅटरी डिसेंबरच्या पहाटे ‘सेल्फ’ मारल्यावर हात टेकते. टायरमधील हवेचा दाब तापमान दहा अंशांनी उतरला की साधारण दीड-दोन पीएसआयने कमी होतो, टायर जास्त दाबाचा असेल तर त्याहून अधिक. दुपारी तापलेल्या टायरची हवा मोजून समाधान मानणे म्हणूनच चुकीचे. हवा सकाळी, काम सुरू होण्याआधी तपासावी.

दिवसरात्रीच्या तापमानातील फरक हाही इथल्या हिवाळ्याचा विशेष. दुपारी ३० अंशांच्या पुढे आणि पहाटे १५-१७ अंश. त्यात खाडीलगतची दमट हवा. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उघड्यावर राहिली की आतील बाष्पाचे थेंब होतात आणि पाणी तळाला बसते. काम संपल्यावर, संध्याकाळीच टाकी भरून ठेवली तर आत हवेला जागा उरत नाही. सकाळी पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरची खालची चकती सैल करून साचलेले पाणी काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

‘थंडी नाही, मग कूलंट कशाला?’

छोट्या साइटवर अनेकदा ऐकू येणारा हा प्रश्न. रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी घातले जाते. कूलंट म्हणजे फक्त पाणी गोठू न देणारे द्रव्य, असा समज त्यामागे आहे. प्रत्यक्षात त्याची तीन कामे आहेत. ते गोठणबिंदू खाली आणते, उत्कलनबिंदू वर नेते आणि इंजिनच्या आतील धातूला गंज लागू देत नाही. भिवंडीत पहिले काम लागत नाही, उरलेली दोन बाराही महिने लागतात.

बोअरिंगच्या जड पाण्यातील क्षार इंजिनच्या आतील भिंतींवर थर धरतात. उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या लाइनरला कंप असतो. त्यामुळे पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लाइनरला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडत जातात. योग्य कूलंटमधील रसायने यापासून संरक्षण देतात. पाणी वाचवायला गेलेला खर्च पुढे इंजिन बांधण्यात निघतो.

खरा शत्रू कोण?

धूळ. पावसाळ्यात दबलेली माती नोव्हेंबरपासून उडू लागते. भरावाची कामे, दगडखाणी, डंपरची ये-जा आणि कच्चे रस्ते यांमुळे साइटवरील हवेत सतत धूळ असते. एअर फिल्टर हा यंत्र आणि ही धूळ यांच्यातील एकमेव पडदा.

फिल्टर तुंबला की इंजिनला हवा कमी पडते, काळा धूर येतो, डिझेल जास्त लागते. तेव्हा सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे फिल्टर काढून त्यावर जोरात हवा मारणे किंवा तो टायरवर आपटणे. यात कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्यातून शिरलेली बारीक वाळू इंजिनमध्ये पॉलिश पेपरसारखे काम करते. पिस्टनच्या रिंगा झिजतात, ऑइल जळू लागते आणि हंगाम संपता संपता इंजिन उतरवावे लागते. बहुतेक यंत्रांत दोन फिल्टर असतात. बाहेरचा पुस्तिकेत मुभा असेल तरच, कमी दाबाच्या हवेने, आतून बाहेर या दिशेने साफ करता येतो. आतला सुरक्षा फिल्टर कधीही साफ करायचा नसतो, थेट बदलायचा असतो.

ग्रीसचेही असेच. कोरड्या हंगामात ग्रीस कमी लागते, हा गैरसमज आहे. पिनमध्ये भरलेले नवे ग्रीस आतील जुने, वाळूमिश्रित ग्रीस बाहेर ढकलते. म्हणजे ग्रीस हे वंगण आहे तसेच झाडूही आहे. धुळीच्या कामावर बकेटच्या पिनांना रोज ग्रीस मारणे आवश्यक असते. रेडिएटरच्या जाळ्यांत बसलेली धूळही दर आठवड्याला काढायला हवी. बाहेर गारवा असतानाही इंजिन तापते, याचे कारण अनेकदा हेच असते.

धुळीमुळे यंत्र बिघडतेच, कामही थांबू शकते. हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत अडकून राहते आणि धूळ वर जात नाही. मुंबईच्या हवेच्या प्रश्नाची उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. डिसेंबर २०२४ अखेरीस मुंबई महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व येथील बांधकामे थांबवण्याचा निर्णय घेतला होता. पाणी मारणे, डंपर झाकणे, चाके धुणे हे उपाय त्यामुळे यंत्रमालकाच्याही हिताचे ठरतात.

नव्या नियमांनी काय बदलले?

चाकांवर चालणाऱ्या आणि आरटीओकडे नोंद होणाऱ्या बांधकाम यंत्रांसाठी प्रदूषणाच्या नियमांचा चौथा टप्पा १ एप्रिल २०२१ पासून, तर पाचवा टप्पा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. जुनी यंत्रे यामुळे बाद होत नाहीत. नवे यंत्र घेणाऱ्याला मात्र वेगळ्याच इंजिनशी गाठ घालावी लागते.

या इंजिनांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला ‘डीपीएफ’ म्हणतात. तो भरत आला की धुराचे तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत वाढवून आतील काजळी जाळली जाते. साधारण ५६ किलोवॉट, म्हणजे ७५ अश्वशक्तीच्या वरच्या इंजिनांत त्याशिवाय ‘डीईएफ’ हे युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड कमी केले जातात. या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी असते.

याचे परिणाम रोजच्या सवयींवर होतात. पहिली सवय, इंजिन उगाच चालू ठेवण्याची. ‘बंद केले तर सकाळी पुन्हा सेल्फ घेणार नाही’ किंवा ‘डंपर येईलच एवढ्यात’ म्हणून यंत्र तासन् तास रिकामे सुरू असते. कमी वेगावर धूर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि डीपीएफ तुंबतो. रिकाम्या इंजिनला तासाला दोन लिटर डिझेल लागते असे धरले, तर रोजचे दोन तास म्हणजे २५ दिवसांत १०० लिटर डिझेल धुरात जाते.

दुसरी सवय, पडद्यावरचा इशारा दिवा दिसला की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याची. काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्ध्यावर तोडली की फिल्टर आणखी भरतो. शेवटी इंजिन स्वतःची ताकद कमी करते आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत यंत्र उभे राहते. मात्र ही प्रक्रिया सुरू असताना सायलेन्सर प्रचंड तापतो. भिवंडीत यंत्रे अनेकदा कापडाच्या गाठी आणि पुठ्ठ्याने भरलेल्या गोदामांच्या आवारात उभी असतात. अशा वेळी यंत्र मोकळ्या जागी, सुक्या गवतापासूनही दूर नेणे गरजेचे आहे.

डीईएफ उणे ११ अंशांना गोठते. भिवंडीत ती चिंता नाही, इथला प्रश्न उष्णतेचा आहे. २५ अंशांपर्यंत ठेवलेले डीईएफ साधारण १८ महिने टिकते, ३५ अंशांना हा काळ सहा महिन्यांवर येतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढलेला कॅन डिसेंबरात वापरताना तारीख पाहायलाच हवी. त्यात नळाचे पाणी मिसळले, तर क्षारांमुळे पुढची सगळी यंत्रणा निकामी होऊ शकते.

तिसरी गोष्ट डिझेलची. नव्या इंजिनांत डिझेल हजार बारहून अधिक दाबाने, केसापेक्षा बारीक छिद्रांतून फवारले जाते. महामार्गालगत स्वस्तात मिळणारे भेसळीचे इंधन जुन्या पंपाने कदाचित पचवले असते, नवे इंजेक्टर पचवत नाहीत. साइटवर उघड्या डब्यातून डिझेल ओतण्याची पद्धतही आता महागात पडते.

मोबाइलवर यंत्राची तब्येत कशी दिसते?

नव्या यंत्रांत जीपीएस, सिमकार्ड आणि सेन्सर बसवलेले असतात. यंत्र कुठे आहे, किती तास चालले, त्यातील किती तास रिकामे, डिझेल किती, कूलंट किती तापले, कोणता दोष नोंदवला गेला, हे मालकाला मोबाइलवर दिसते. जेसीबीची ‘लाइव्हलिंक’ ही अशीच प्रणाली, इतर कंपन्यांच्याही आहेत. अनेक मालक तिचा उपयोग डिझेलचोरी पकडण्यापुरता करतात. खरा फायदा सर्व्हिसचा टप्पा जवळ आल्याचा इशारा आणि वाढत्या तापमानाची आगाऊ सूचना यात आहे.

अडचण आहे ती दुरुस्ती करणाऱ्यांची. भिवंडीच्या गॅरेजांमधील जुने उस्ताद आवाजावरून आणि धुराच्या रंगावरून दोष ओळखतात. ही समज आजही मोलाची आहे. पिन-बुशचा खडखडाट किंवा पंपाची बारीक शिट्टी कुठलाही सेन्सर इतक्या लवकर सांगत नाही. पण दोषाचा कोड वाचायला लॅपटॉप आणि कंपनीचे सॉफ्टवेअर लागते आणि ते बाहेरच्या मेकॅनिककडे नसते. मग सेन्सरची वायर काढून ‘बायपास’ करण्याचा मार्ग निवडला जातो. यंत्र चालते, पण इशारा देणारी व्यवस्थाच बंद होते.

यावर मार्ग प्रशिक्षणाचा आहे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. बांधकाम यंत्रांच्या ऑपरेटर आणि मेकॅनिकसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही संस्था प्रमाणपत्राची व्यवस्था पाहते. मात्र हेल्परचा ऑपरेटर आणि ऑपरेटरचा मेकॅनिक होणे हे बऱ्याच ठिकाणी अजूनही निरीक्षणातूनच होते. शिकवणाऱ्या उस्तादाने स्वतः डीपीएफ उघडलेला नसेल, तर शिष्याला तो कळणार कसा, हा प्रश्न उरतोच.

मोठ्या प्रकल्पांत काय बदलले?

तिथे यंत्रांचा आकारच बदलला आहे. बुलेट ट्रेनच्या मार्गासाठी ४० मीटर लांबीचे, सुमारे ९७० टन वजनाचे गर्डर अखंड तयार केले जातात. कास्टिंग यार्डातून गर्डर उचलणारे, तो वर चढवणारे, तयार मार्गावरून वाहून नेणारे आणि दोन खांबांवर बसवणारे अशा स्वतंत्र यंत्रांची साखळी त्यासाठी वापरली जाते. तुकडे जोडून पूल बांधण्याच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत सुमारे दहापट वेगवान असल्याचे राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळाचे म्हणणे आहे. महाराष्ट्रात शिळफाटा ते झरोली हा सुमारे १३५ किलोमीटरचा टप्पा आहे.

गोदामांतही तंत्र बदलले. लोखंडी सांगाडा कारखान्यात तयार होऊन साइटवर फक्त बोल्टने जोडला जातो. उंच रॅकमधून माल काढणाऱ्या फोर्कलिफ्टला काटेकोर सपाट जमीन लागते, म्हणून मोठ्या गोदामांत काँक्रीट लेझरच्या मदतीने समतल करणारी यंत्रे वापरली जातात. इथे धूळ बसलेली लेझरची काच किंवा झिजलेला बेल्ट थेट जमिनीच्या दर्जावर उतरतो.

वजन आणि उंची वाढली की चुकीची किंमतही वाढते. १ ऑगस्ट २०२३ रोजी शेजारच्या शहापूर तालुक्यात, सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये भिवंडीत मेट्रो ५ च्या कामावरून पडलेली लोखंडी सळई खालून जाणाऱ्या रिक्षातील प्रवाशाच्या डोक्यात घुसली. दोन्ही घटनांचे स्वरूप वेगळे. पण डोक्यावर काम सुरू असताना खाली माणसे असतात, हे दोन्हींतून दिसले. उचल यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीत तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. वायर रोपच्या तुटलेल्या तारा, हुकची कडी, ब्रेक आणि मर्यादेपेक्षा जास्त वजनाचा इशारा देणारी यंत्रणा हे त्यातील कळीचे भाग. बायपास केलेला सेन्सर खोदयंत्रावर खर्चाचा प्रश्न असतो, क्रेनवर तो जिवाचा असतो.

छोट्या यंत्रमालकाने काय करावे?

यादी मोठी नाही. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ऑइल, कूलंट आणि हायड्रॉलिक तेलाची पातळी, टायरची हवा, होज पाइपची गळती आणि चाकांचे नट पाहावेत. डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे. यंत्र पाच ते दहा मिनिटे हलके चालवून मगच कामाला लावावे. दिवसअखेर पिनांना ग्रीस मारून टाकी भरावी. भर कामानंतर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे कमी वेगावर ठेवावे, म्हणजे टर्बो थंड होतो.

आठवड्यातून एकदा रेडिएटरची जाळी, बॅटरीची टोके आणि एअर फिल्टरचा इशारा तपासावा. आवर मीटरचा आकडा, ऑइल बदलल्याची तारीख आणि वापरलेला भाग एका वहीत लिहावा. सेन्सर नसलेल्या जुन्या यंत्रासाठी ही वहीच टेलिमॅटिक्स असते. यंत्र विकताना तिच्यामुळे भावही चांगला मिळतो.

खर्चाचा हिशेबही करून पाहावा. समजा भाडे तासाला १,२०० रुपये आहे आणि काम रोज नऊ तासांचे आहे. एक दिवस यंत्र उभे राहिले तर १०,८०० रुपये बुडाले. तीन दिवस सुटा भाग मिळाला नाही तर ३२,४०० रुपये, दुरुस्ती वेगळी. सकाळच्या पंधरा मिनिटांचे भाडे याच दराने ३०० रुपये होते. हे ३०० रुपये वाचवण्यासाठी बत्तीस हजारांचा धोका पत्करायचा का, एवढाच प्रश्न आहे.

ऑपरेटरचा मुद्दाही याच हिशेबात येतो. यंत्राची तब्येत सर्वांत आधी त्याला कळते. पण बिघाड सांगितला तर काम थांबले म्हणून बोलणी आणि नाही सांगितला तर यंत्र मोडले म्हणून बोलणी, अशी त्याची स्थिती असेल तर तो गप्प राहणेच पसंत करतो. सकाळच्या तपासणीचा वेळ त्याच्या पगारी तासांत धरला, तरच ती तपासणी खरी होते.

पुढे काय?

भिवंडीच्या गोदामांत बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट केव्हाच रुळल्या आहेत. छोटी खोदयंत्रेही बॅटरीवर येऊ लागली आहेत. त्यांना डीपीएफ नाही, डीईएफ नाही, ऑइल बदलणेही नाही. पण त्यांच्याही पिनांना ग्रीस लागेल, होज पाइप तपासावे लागतील आणि धूळ त्यांच्याही जाळ्यांत बसेल. जुनी डिझेल यंत्रे आणखी अनेक वर्षे त्यांच्या शेजारीच राबणार आहेत, म्हणजे मेकॅनिकला दोन्ही तंत्रे एकाच वेळी सांभाळावी लागतील.

यंदाचा हंगाम सुरू करताना मालकांनी थंडीच्या सल्ल्यांपेक्षा तीन गोष्टींकडे पाहावे, असे या साऱ्यातून दिसते. पावसाने यंत्राचे काय केले, धूळ कुठवर पोहोचली आणि आवर मीटर काय सांगतो. पूजेच्या दिवशी यंत्राला हार घालताना त्या मीटरचा आकडा वहीत टिपला, तर हंगामाची पहिली सर्व्हिस चुकणार नाही.